पूरपट्ट्यातले लोकहो, तुमच्या घराचा आकडा किती?

कृष्णाकाठी
सांगलीत जुलै लागला की सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: "आयर्विनला किती?" म्हणजे इथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. चहासुद्धा त्यानंतर. 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आमच्या घरात मात्र सध्या वेगळाच वाद पेटलाय. आपण नेमकं कधी हलायचं?

आमचं घर जरा वरच्या अंगाला आहे. 2005 ला पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं. त्या भरवशावर 2019 ला निम्मी गल्ली निवांत बसली, "इथवर येत नसतं" म्हणून. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं आणि आमच्या खिडकीच्या चौकटीला टेकलं. 2021 ला उंबऱ्यापर्यंत आलं आणि उतरलं. आता सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, नवा हिशेब तयार आहे: "2019 सारखं शंभर वर्षांत एकदा येतं, ते आपलं भोगून झालं. बाकी पाणी बघून ठरवू."

हे "पाणी बघून ठरवू" मला पटत नाही. पाणी दिसायला लागतं तेव्हा ठरवायला डोकं जागेवर नसतं. दरवेळी रात्री दोन वाजता गल्लीत बॅटऱ्या घेऊन माणसं उभी, आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतोय. माझं म्हणणं असं की कोरड्यात बसून आकडा ठरवावा. आयर्विनला अमुक फूट झालं की सामान माळ्यावर, तमुक झालं की आई-अण्णा मिरजेला. मग वाद नाही.

नदीकाठच्या मंडळींनी आपापल्या घरी काय ठरवलंय ते सांगा. ठरवलंच नसेल तर तेही सांगा.

मळीवाला
ताई, आमी शिरोळ तालुक्यातली माणसं. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नरसोबाच्या वाडीच्या अंगाला शेती. आमच्याकडं आकडा जनावरांवर ठरतो. माणूस काय, शेवटाला बोटीत बसतंय. म्हस बोटीत बसत नाय.

मळीत, म्हंजे नदीकाठच्या रानात, पाणी शिरायच्या आधी जनावरं काढायची, हा आमचा नियम. रस्ता पाण्याखाली गेला की म्हस चालवत नेता येत नाय, ट्रॉली लागते, आणि त्या दिवशी ट्रॉली सगळ्या गावालाच हवी असते. 2019 ला लोकांनी दावी कापून जनावरं सोडून दिली, त्यातली काय पोहून कडेला लागली, काय नाय. म्हणून आता वाडीला दक्षिणद्वार झाला, म्हंजे पाणी देवळात उत्तरेकडनं शिरून पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की लोक आंघोळीला जातात आणि आमी वैरण भरायला घेतो. घरातलं म्हातारं माणूस आधी नाय म्हणतंय, पण जनावरं निघाली की त्यांच्या मागं आपोआप निघतंय. तुमच्या सासऱ्यांना एक म्हस घेऊन द्या.

टवाळ_टिटवी
शेवटच्या ओळीला दंडवत. 😄
बाकी, अजून कोणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद काढला कसा नाही? मी शेंगदाणे भाजून बसलोय.

जलमापक
कृष्णाकाठी, विचार बरोबर आहे, पण एकट्या आयर्विनवर विसंबू नका. आयर्विनचा आकडा म्हणजे पाणी आत्ता तुमच्याकडे किती आलंय ते. तुम्हाला उद्याचं हवंय.

जलसंपदाच्या रोजच्या पत्रकात पुलांची रांग असते: कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन, पुढे अंकली, म्हैसाळ. वरून खाली याच क्रमाने वाचा. कराडला उतार लागला आणि भिलवडीला अजून चढ असेल, तर सांगलीत चढ राहणारच. आणि भिलवडी स्थिर झाल्याशिवाय "आता उतरेल" म्हणू नका, कोणी कितीही छातीठोक सांगू दे. इथले जुने लोक भिलवडी बघूनच बोलतात.

दुसरं, सांगलीतल्या पावसाचा सांगलीच्या पुराशी फार थोडा संबंध. नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर, या तीन ठिकाणचा पाऊस बघा. हवामान खात्याचा रेड अलर्ट पावसाचा असतो, नदीचा नाही. 24 तासांत 204.5 मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे त्यांच्या भाषेत अत्यंत मुसळधार. तो घाटमाथ्यावर पडतो आणि तुमच्याकडे पोचेपर्यंत इथे लख्ख ऊन असतं. उन्हात चढणारं पाणी लोकांना खरंच वाटत नाही, तिथेच वेळ जातो.

तिसरं, फुगवटा. सांगलीच्या जरा खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणखी खाली वाडीला पंचगंगा. त्या दोन्ही तुडुंब असल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाट नसते. ते मागे तटतं. कोयना धरणाचा विसर्ग कमी केला तरी पाणी इंचाइंचानेच का उतरतं, त्याचं हे मोठं कारण.

विसर्गाच्या बातम्या वाचताना हिशेब सोपा ठेवा: 11,574 क्युसेकने (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) एक दिवस पाणी वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, होतं. कोयना भरते 105.25 टीएमसीला. आता "कोयनेतून 50 हजार क्युसेक" वाचलं की दिवसाला सव्वाचार टीएमसीहून थोडं जास्त खाली येतंय हे तुमचं तुम्हालाच कळेल.

कृष्णाकाठी
जलमापक, हे आधी कुणी असं सरळ का सांगितलं नाही! वाचनखूण साठवली. म्हणजे माझ्या कागदावर दोन रकाने हवेत, भिलवडी आणि आयर्विन.

रंकाळ्याचा_वारा
कोल्हापूरकर हजर. आमचा देव पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. 39 ला इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिवाय आमच्याकडे राधानगरीचे दरवाजे असतात, ते स्वयंचलित. कोणी बटण दाबत नाही. धरण भरलं, पाण्याचा दाब वाढला, की आपोआप उघडतात. एकूण सात, आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक. त्यामुळे इथे गल्लीत "किती उघडले?" एवढंच विचारलं तरी कळतं कशाबद्दल चाललंय.

सुतारवाड्यातल्या लोकांना कागद लागत नाही. शहरात पहिलं पाणी तिथेच, त्यामुळे तिथली कुटुंबं इशारा पातळीच्या आसपास बोचकी बांधूनच असतात. चिखली-आंबेवाडीकर सोनतळीची वाट धरतात. गडबड होते ती आम्हा मधल्यांची. शाहूपुरी, दुधाळीच्या पलीकडची घरं. दरवर्षी पाणी येत नाही म्हणून सवय नाही, आणि कधीच येत नाही असंही नाही.

माझ्या घराचा आकडा आहे. राजारामला 47 झालं की गाडी वर टेंबलाईच्या बाजूला नेऊन लावायची. बाकी सामानाआधी गाडी. कारण नंतर गाडी काढायला रस्ता राहत नाही आणि शिरोलीला हायवे बंद झाला की पेट्रोलही मिळत नाही.

कट्ट्यावरचा_बंडू
सगळं ठीक, पण मूळ दुखणं अलमट्टी आहे हे कोणी बोलणार नाही. तिकडे पाणी अडवून बसतात आणि इकडे आपण माळ्यावर डबे चढवतो.

टवाळ_टिटवी
शेंगदाणे झाले एकदाचे.

जलमापक
बंडूभाऊ, 2019 च्या पुरानंतर राज्याने वडनेरे समिती नेमली होती. तिने अलमट्टीला पुराचं मुख्य कारण मानलेलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूररेषेच्या आतली बांधकामं यांवर भर दिला. तो निष्कर्ष न मानणारे अभ्यासू लोकही सांगली-कोल्हापुरात आहेत आणि त्यांचे मुद्दे टाकाऊ नाहीत. धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर न्यायला इथून विरोध आहे तो मलाही रास्त वाटतो. पण आज रात्री कृष्णाकाठींनी फ्रीज उचलायचा की नाही, याचं उत्तर त्यात नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. या धाग्यात तो न संपणारा वाद नको.

वाशिष्ठी
तुमचं बोलणं वाचून हेवा वाटला, रागावू नका. फुटाफुटाने चढणारं पाणी, वरच्या पुलाचे आकडे, दोन दिवसांची मुदत. 22 जुलै 2021 ला चिपळूणला यातलं काही मिळालं नाही. रात्री झोपलो तेव्हा पाऊस जोरात होता, एवढंच. कोकणातल्या नद्या आखूड. घाटावरचं पाणी सह्याद्रीवरून सरळ खाली येतं, आणि खाडीला भरती असली की पुढे जाऊ शकत नाही. बाजारपेठेत पहिला मजला पाण्यात गेला.

त्यामुळे आम्ही आकडा पाण्यावर ठेवलाच नाही, भरतीच्या वेळेवर ठेवलाय. ऑरेंज किंवा रेड अलर्ट, आणि मोठी भरती रात्रीची, असं जुळलं की त्या रात्री खालच्या मजल्यावर कोणी झोपत नाही. बस्स. पाणी आलं नाही तर नाही. सकाळी उठून लोक हसतात, हसू देत. दुकानदारांनी माल खालच्या फळीवर ठेवणंच सोडलंय.

आणि एक. पाणी आधी दारातून येईल म्हणून सगळे दाराकडे बघत बसतात. आमच्याकडे ते आधी मोरीतून आलं. जाळीतून बुडबुडे, मग काळं पाणी, आणि संडासाच्या भांड्यातून उलटं. दाराशी तोवर कोरडं होतं. मोरीच्या जाळीवर आणि भांड्यावर प्लास्टिक टाकून वर वाळूची पोती ठेवा. पूर थांबत नाही त्याने, पण घाण बरीच कमी येते.

सीनाकाठ
आमची गंमत वेगळीच. माढ्याकडचा मी. आमच्या सीनेला पाणी असतं का, हाच उन्हाळ्याचा प्रश्न. टँकरवर वाढलेली पिढी. सप्टेंबर 2025 ला ती सीना अशी आली की सोलापूर-पुणे हायवे लांबोटीपाशी बंद. गावात कोणाला विचारायचं "मागच्या वेळी कुठवर आलं होतं?" मागची वेळच नव्हती. भिंतीवर खूण नाही, म्हाताऱ्यांच्या आठवणीत नाही.

तुमच्या सासऱ्यांकडे निदान चुकीचा का होईना, आकडा आहे. आम्ही आता नदीच्या पुलाच्या खांबावर रंगाने पट्टे मारलेत, ग्रामपंचायतीतून. कुठल्या पट्ट्याला कुठली वस्ती बुडाली ते त्या पुरानंतर लगेच लिहून ठेवलं. लोक विसरायच्या आत लिहा, सहा महिन्यांनी प्रत्येकाच्या दारातलं पाणी फूटभर वाढलेलं असतं.

आणि पुरापेक्षा आमच्याकडे वीज जास्त माणसं नेते. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात रानात असताना फोनवर 'दामिनी' ॲप चालू ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, जवळपास वीज पडत असेल तर दाखवतं. झाडाखाली थांबू नका हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे झाडाखालीच थांबतात.

गावभागकर
मी जरा उलटं बोलतो. आकडा ठरवणं चांगलं, पण तो फार खाली ठरवला तर त्याची किंमत असते. आमच्या शेजारचं कुटुंब 2019 चा धसका घेऊन एका वर्षी 38 फुटांवरच टेम्पो करून निघालं. पाणी तिथूनच उतरलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आता त्यांच्यातलं कोणी ऐकतच नाही. टेम्पोवाला पावसाळ्यात तोंडाला येईल तो भाव सांगतो, कपाटाचे पाय मोडतात, म्हातारी माणसं चिडतात, आणि मागे घर रिकामं म्हणून चोरीची भीती वेगळीच. पुरातल्या चोऱ्यांबद्दल कोणी बोलत नाही, पण अर्धे कर्ते पुरुष छपरावर बसून राहतात ते त्यामुळेच.

जलमापक
गावभागकर, मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून एक आकडा नको, पायऱ्या हव्यात. खाली फुकटातल्या गोष्टी, वर महागातल्या. कागदपत्रं, औषधं, चार्जर एका पिशवीत टाकायला पैसे पडत नाहीत, ते 35 ला करा. टेम्पो 43 च्या पुढे. माणसं, खास करून आजारी आणि म्हातारी, रस्ता चालू असेपर्यंत. माणसांचा आकडा घरात पाणी कधी येईल यावर ठरवू नका, गल्लीचा रस्ता कधी बंद होईल यावर ठरवा. घर उंचावर असलं तरी बेट होतंच. 2019 ला अडकलेल्यांत कितीतरी घरं आतून कोरडी होती. त्याच पुरात ब्रह्मनाळ गावाची बोट उलटली तीही अडकलेल्या लोकांना बाहेर काढताना.

आणि अण्णांच्या "शंभर वर्षांत एकदा" बद्दल. पूररेषा आखताना निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदाच्या पुराची धरतात. त्याचा अर्थ नदी पाळी लावून येते असा नाही. लाल रेषेवरच्या घराला दरवर्षी एक टक्का शक्यता, काल येऊन गेला तरी उद्या पुन्हा एक टक्काच. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडेस्तोवर ती जवळजवळ 26 टक्के होते. निळ्या रेषेवर 70 टक्क्यांच्या वर. भोगून झालं असं काही नसतं.

विम्याचा_माणूस
कोरडा विषय आहे, पण लिहितो. एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, त्यात पूर धरलेला आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के संरक्षण मिळतं, कमाल 10 लाख. लोकांना वाटतं घराचा विमा बंगलेवाल्यांसाठी असतो.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्ट मारला की आतला रॉड वाकतो, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्टची जोड लागते. टो करून न्या.

साफसफाई सुरू करायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. पंचनाम्यालाही तेच, विम्यालाही तेच. चिखल धुऊन लख्ख केलेल्या घरात नुकसान दाखवणार कुठे?

ओसरीवरची_डॉक्टर
दोनच गोष्टी. पुराच्या पाण्यातून चालला असाल आणि पुढच्या काही दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं झालं तर "साधा ताप" म्हणून घरी बसू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) शंका डॉक्टरांना स्वतःहून सांगा. प्रतिबंधक गोळ्या मिळतात, पण त्या विचारूनच. आणि इन्सुलिन घेणारं कोणी घरात असेल तर वीज गेल्यावर ते कुठे ठेवणार ते आत्ताच ठरवा.

कृष्णाकाठी
सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी कागद केला. अण्णांना जलमापकांची 26 टक्केवाली गोष्ट वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे 74 टक्के येणार नाही." 🙏

पण मळीवाल्यांची युक्ती दुसऱ्या रूपात चालली. अण्णांचा जीव घरात नाही, घरातल्या देवांत आणि त्यांच्या जुन्या वह्यांत आहे. ते दोन्ही भिलवडीच्या आकड्यावर आधी मिरजेला न्यायचं ठरलं, आणि ते पोचवायला अण्णांनी स्वतः जायचं, हे त्यांनी स्वतःच काढलं. बाकीच्या पायऱ्या जलमापकांनी सांगितल्या तशाच घेतल्या. फक्त टेम्पो 42 ला, कारण 43 ला सगळ्या सांगलीला टेम्पो हवा असणार.

एक राहिलं. फ्रीज आमच्याच्याने वर जात नाही, जिना अरुंद आहे. काय करायचं?

वाशिष्ठी
रिकामा करा, दार उघडं ठेवून खिडकीच्या गजाला दोरीने बांधा. बंद फ्रीज तरंगतो, आडवा होतो आणि मग दारच अडवून बसतो. आमच्याकडे एकाचं दार तसंच अडलं होतं, खिडकीतून माणूस आत सोडावा लागला. सिलिंडरचंही तेच, रेग्युलेटर काढून साखळीने बांधा. मेन स्विच पाणी यायच्या आधी बंद, पायात पाणी असताना त्याला हात लावायचा नाही. लाकडी कपाटातले कप्पे काढून वर न्या, फुगले की निघत नाहीत.

आणि परत आलात की गाळ ओला असतानाच खरडून काढा. वाळला की फावडं चालत नाही.

रंकाळ्याचा_वारा
इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय मेन चालू करू नका, हेही त्यात लिहा. आणि भिंतीला रंग लगेच काढू नका, आमच्या गल्लीत दिवाळीला दिलेला रंग शिमग्याला पोपडे धरून पडला.

मळीवाला
ताई, मिरजेला जाताना रस्ता बंद झाला आणि कोण अडकलं तर 1077 ला फोन लावा, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष असतोय. लागला नाय तर 112. आणि जनावरं असलेल्या कुणाला वैरण पायजे असली तर इथंच लिवा, आमच्या वरच्या रानात कडबा हाय, पाणी यायच्या आधी घिऊन जावा.